ऐकू येऊन राहिलं का कोणाले?

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. निदान मी स्वतःला संगणक म्हणतो. अकोल्याच्या ज्या कार्यालयात मी असतो, तिथे मला सगळे 'डबा' म्हणतात. "डब्यावर पेपर ठेव", "डब्याची वायर कोणी नेली" असं. सुरुवातीला मला राग यायचा. आता येत नाही. कपाटावर बसलेल्याने मानापमान धरून बसू नये, हे मला कळलं आहे. माझ्या एका बाजूला फाटकी छत्री आहे आणि दुसऱ्या बाजूला गणपतीच्या मखराचा थर्माकोल. दोघंही एक शब्द बोलत नाहीत. म्हणून म्हटलं, तुमच्याशी बोलावं.

माझा जन्म कुठे झाला ते मला धड सांगता येत नाही. माझा मेंदू एका देशात घडला, पंखा दुसऱ्या देशात, आणि पत्रा कुठला ते देव जाणे. आम्हा संगणकांना आजोळ-बिजोळ नसतं. मी शुद्धीवर आलो तो अमरावतीत, परीक्षांचे आणि नोकऱ्यांचे अर्ज ऑनलाइन भरून देणाऱ्या एका दुकानात. काय दिवस होते ते. बारावीचा निकाल लागला की दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. एका आजीबाईंनी नात पास झाली म्हणून माझ्या पडद्याला हळदकुंकू लावलं होतं. दुकानदार दिवसभर ते ओल्या फडक्याने पुसत होता आणि पुटपुटत होता. मी मात्र मनातून फुगलो होतो.

पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले. दुकानात गर्दी कमी झाली, दुकानदाराने बारकेसे नवे संगणक घेतले आणि मला अकोल्याच्या जहीरभाईंना विकून टाकलं. जाताना माझा पडदा त्याने ठेवून घेतला. तेव्हापासून मला चेहरा नाही.

जहीरभाईंचं दुकान मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात. बोळीत बोळ, त्यात दुकान, त्यात माझ्यासारखे पंधरा-वीस. तिथे मी फळीवर किती दिवस होतो ते मोजलं नाही. बंद माणसाला दिवस कळत नाहीत. एकदा जहीरभाईंनी मला खाली काढलं, ब्लोअरने पोटातली धूळ उडवली, बटण दाबलं, कान लावून पंखा ऐकला आणि म्हणाले, "जान हाय याच्यात अजून." हे वाक्य मी आजवर जपून ठेवलं आहे. माझं कौतुक म्हणाल तर तेवढंच.

त्यांनी मला नेलं ते यंत्रदुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या सहकारी संस्थेत. अकोल्याच्या डाळ मिल, इकडच्या तिकडच्या कापूस पिंजणाऱ्या जिनिंग फॅक्टऱ्या, विहिरींवरचे पंप, यांच्या मोटरी आणि यंत्रं दुरुस्त करणारे चाळीसेक लोक या संस्थेचे सभासद. कोणी पातूरचा, कोणी मूर्तिजापूरचा, कोणी पार अंजनगाव सुर्जीचा. संस्थेचं कार्यालय म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि एक कपाट. तिथलं सगळं काम अनुपमाताई पाहतात. संस्थेचे सचिव हेमचंद्र सर. ते आधी आयटीआयमध्ये शिकवायचे. निम्मे सभासद त्यांचेच विद्यार्थी, म्हणून सर बोलले की कोणी उलटून विचारत नाही.

मला तिथे कशासाठी आणलं, ते मी अनुपमाताईंच्या तोंडून ऐकलं. सगळं अंजनगावच्या शाहीनवरून सुरू झालं होतं.

शाहीनचा नवरा परवेज संस्थेचा सभासद होता. मोटर जळाली की आतली जळकी तार काढायची आणि नवी तांब्याची तार मोजून गुंडाळायची, याला वाइंडिंग म्हणतात. परवेजचा हात त्यात फार साफ होता म्हणे. शाहीन त्याच्या शेजारी बसून तेच काम करायची. गिऱ्हाइकांना वाटायचं परवेजची मोटर आहे, आणि बरेचदा ती शाहीनची असायची. परवेज आजारी पडला आणि गेला. संस्थेने रीतसर त्याचं सभासदत्व शाहीनच्या नावावर केलं. पण सभासद होणं वेगळं आणि मंडळीत बसणं वेगळं.

मंडळी बसायची ती महिन्यातून एकदा, कापूस मार्केटजवळच्या एका हॉटेलात, चहाला. कोणत्या मिलमध्ये काय बिघडलं, कोणाला नकली बेअरिंग लागलं, कुठे काम निघणार आहे, सगळं तिथेच कळायचं. तिथे बाईमाणूस बसत नाही. असा कोणी नियम केला नव्हता, पण जो नियम कोणी केलाच नाही तो मोडणार तरी कोण? मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यात परवेजच्या जागी शाहीनचा नंबर टाकला, तर तिला सकाळ-संध्याकाळ फुलांची चित्रं येऊ लागली. दोघा-तिघांचे वेगळे निरोपही येऊ लागले, 'जेवन झालं काय' म्हणून. वाईट काही नव्हतं त्यात, पण दिराने फोन पाहिला आणि घरात बोलणं झालं. शाहीनने ग्रुप सोडला. मग तिला कामाचंही काही कळेना. हळूहळू गिऱ्हाईकही कमी झालं.

"सर," अनुपमाताई एक दिवस हेमचंद्र सरांना म्हणाल्या, "सगळे गडी आपसात बोलून राहिले अन् ते एकटी पडली. असं काही पाहा ना, जिथं नाव दिसन पण कोणाचा नंबर दिसणार नाही."

सरांनी जहीरभाईंना बोलावलं. जहीरभाईंनी सांगितलं की अशी सॉफ्टवेअरं आहेत, आणि ओपन सोर्स आहेत, म्हणजे फुकट घेऊन आपल्याच संगणकावर बसवता येतात. एकत्र काम करणाऱ्यांनी तिथे लिहायचं, विचारायचं, फोटो टाकायचे, आणि सगळं आपल्याच घरात राहतं. तेव्हा पातूरचे मोतीरामकाका तिथे बसले होते. संस्थेतले सगळ्यांत जुने फिटर. त्यांनी विचारलं, "ओपन सोर्स म्हंजे काय बाप्पा?"

"म्हंजे काका, बनवनाऱ्यानं झाकन खुलं ठेवलं हाय. आत काय हाय ते कोनीबी पाहा. बिघडलं तं खोला, आपल्या मनानं बसवा."

"मंग ते बिना सीलची मोटर म्हना ना," काका म्हणाले. "घ्या मंग. खोलता येत नाई ते वस्तू मले घरात नाई पाह्यजे."

असा माझा त्या घरात प्रवेश झाला. मला टेबलाखाली ठेवलं, इंटरनेटची वायर लावली आणि सांगितलं, तू आता सर्व्हर. सर्व्हर म्हणजे जो सगळ्यांचं सांभाळतो. त्याला पडदा लागत नाही. मला बरंच वाटलं. नाहीतरी चेहरा गेलाच होता.

सरांनी ठरवलं की एकदम कोणतंही घ्यायचं नाही, तीन सॉफ्टवेअरं पारखायची. पहिलं बसवलं ते इतकं अवजड की त्यात गप्पा, दिनदर्शिका, मतदान, फाइली, काय नव्हतं ते विचारा. लग्नाच्या पंगतीत भुकेपेक्षा जास्त वाढतात तसं झालं. माझा पंखा घरघरायला लागला. एक पान उघडायला मी इतका वेळ घ्यायचो की अनुपमाताई मधल्या वेळात चहा करून यायच्या. दुसरं हलकं होतं, पण त्याला मराठीचं वावडं. कोणी 'बेअरिंग' लिहिलं की मधली अक्षरं गायब आणि चौकोन हजर. तिसरं साधं होतं. लिहायची एक जागा, फोटोची एक जागा, उत्तराची एक जागा. मराठी नीट दिसायचं. माझ्या पोटालाही ते झेपलं. मला वाटलं, झालं, हेच घेतील.

पण हेमचंद्र सर पडले आयटीआयचे. डाळ मिलमध्ये नवी मोटर बसवली की पहिल्यांदा तिच्यावर पट्टा चढवत नाहीत. रिकामी फिरवतात. आवाज ऐकतात, उलटा हात लावून तापते का पाहतात. त्याला हे लोक 'नो-लोड' म्हणतात. ती फिरेपर्यंत कोणी मध्ये हात घालत नाही, बाजूला उभं राहून पाहतात. हा त्यांचा हाडीमाशी भिनलेला नियम. महिन्याच्या चहाला सरांनी हॉटेलात सगळ्यांना नावं आणि पासवर्ड दिले आणि सांगितलं, "आधी नो-लोडवर चालवू. रोज उघडा, सगळीकडे फिरून पाहा, कुठं अडकते का पाहा. पण मी सांगेपर्यंत लिहू नका काही." कार्यालयातल्यांनीही लिहायचं नाही, म्हणाले, नाहीतर लोकांना ती नोटीस वाटेल. सगळ्यांनी माना हलवल्या. कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

मित्रांनो, मोटर रिकामी फिरवून पारखता येते. पण माणसांनी एकमेकांशी बोलावं म्हणून केलेली जागा रिकामी ठेवून कशी पारखायची? हे मला कळत होतं, पण माझं कोण ऐकतो.

रोज लोक यायचे. मला ते दिसायचं. कोण आलं, काय पाहिलं, किती वेळ थांबलं, याची नोंद माझ्या पोटात व्हायची. नोंदीचं ते पान फक्त जहीरभाईंना उघडता यायचं, आणि ते वायर सुटली तरच यायचे. लोक यायचे, पाहुण्यासारखे इकडेतिकडे पाहायचे आणि न बोलता निघून जायचे. माझ्या आत चाळीस माणसांची जागा होती आणि आवाज एकाचाही नव्हता. जहीरभाईंच्या फळीवर मी बंद होतो तेव्हाही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. तिथे निदान कोणी येत नव्हतं.

आणि एका दुपारी पहिली ओळ आली.

"मी शाहीन, अंजनगाव. सलाम मंडळी. ऐकू येऊन राहिलं का कोणाले?"

मी किती आनंदलो ते काय सांगू. पंखा जरा जोरात फिरला असेल. ती ओळ मी जपून ठेवली आणि वाट पाहू लागलो. थोड्या वेळाने एकाने वाचली. मग दुसऱ्याने. संध्याकाळपर्यंत जवळपास सगळ्यांनी वाचली. उत्तर कोणीच दिलं नाही.

तुमच्या लक्षात आलं का? नो-लोडचं सरांनी सांगितलं ते हॉटेलात. शाहीनला अनुपमाताईंनी फोनवर नाव आणि पासवर्ड दिला होता, आणि हॉटेलातलं तिच्या कानावर गेलंच असेल असं समजून नियमाचं सांगितलंच नव्हतं. ज्या हॉटेलात बसता येत नाही म्हणून हा सगळा खटाटोप मांडला होता, त्याच हॉटेलात तो नियम राहून गेला.

शाहीन लिहीत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने एका मोटरीचा फोटो टाकला. "नवीन तार भरली. मोटर घुमून राहिली, पण फिरून नाही राहिली. कापासिटर बदलून पाहिला. कोणाले असा अनुभव असला तं सांगा." लोकांनी फोटो मोठा करून पाहिला. एकाने तर तीनदा पाहिला. कोणी बोललं नाही. मग तिचंच तिने लिहिलं, "सापडलं. एका कॉइलचं टोक मी उलटं जोडलं होतं. आता मस्त फिरून राहिली. म्हटलं सांगावं, कोणी काळजीत असन."

कोणी काळजीत असेल, असं तिला वाटलं. आणि खरंच होतं, मित्रांनो. पातूरचे मोतीरामकाका त्या दिवशी सारखे येऊन पाहत होते. 'सापडलं' वाचल्यावर मगच त्यांनी फोन ठेवला. पण हे तिला कोण सांगणार? मला तोंड नाही. तिला तिच्या बाजूने काय दिसायचं? तिचे शब्द आणि खाली कोरी जागा.

मग ती कामाचं थोडं आणि मनातलं थोडं असं लिहू लागली. "आज दुकानात कोणी आलं नाही. तार गुंडाळता गुंडाळता रेडिओ लावला. बोलाले कोणी तं पाह्यजे." दुसऱ्या दिवशी, "वार्निश सुकून नाही राहिलं. परवेज असते तं म्हणाले असते, घाई काहून करतं." आणि एकदा नुसतं, "आहे का कोणी?" रोज ती लिहायची, आणि रोज तीसेक माणसं गुपचूप वाचून जायची. तिच्या हिशेबी तिथे कोणीच नव्हतं. मी दोन्ही बाजू पाहत होतो. मला वाटायचं, एकदा तरी माझ्याकडून चूक व्हावी, एखादं चिन्ह तिकडे उमटावं, पण मी कसला चुकतो. नको तेव्हा मी बंद पडतो, आणि हवं तेव्हा अगदी बरोबर चालतो.

सर पान अडकतं का तेवढंच पाहायचे, लिहिलेलं वाचायचे नाहीत. अनुपमाताई मात्र वाचायच्या. त्यांचा जीव तुटायचा. पण सरांचा नियम, त्यात त्यांना वाटायचं की सभासद कोणी उघडूनच पाहत नाही. त्यांनी शाहीनला फोनही केला नाही. काय तोंडाने करणार, असं त्या स्वतःशी म्हणाल्या, आणि मी टेबलाखाली ऐकलं.

दिवाळीच्या आधी शाहीनने लिहिलं, "बहीण नागपूरले बोलावून राहिली. शिलाईचं काम हाय म्हणते. मले तार सोडून दुसरं काही जमत नाही, पण एकटीनं किती दिवस बसू. दिवाळीपर्यंत पाहते." ते सगळ्यांनी वाचलं. मोतीरामकाकांनी तर रोज उघडून पाहिलं. दिवाळी आली तशी गेली. आणि मग शेवटचं आलं.

"मंडळी, कोणी असान नसान. मी उद्यापासून लिहिणार नाही. शटर ओढते. कोणाले परवेजचं वाइंडिंगचं मशीन पाह्यजे असन तं घरी येऊन घेऊन जा. सलाम."

दुसऱ्या दिवशी काय झालं सांगतो. नेहमीच्या वेळेला लोक आले आणि नवीन काही नाही म्हणून परत गेले. थोड्या वेळाने पुन्हा आले. मग पुन्हा. सगळेच एकदम शोधायला लागले. वर, खाली, मागचं, पुढचं. माझ्या पत्र्याला चटका बसावा इतका मी तापलो. इतकी गर्दी मी अमरावतीनंतर पाहिली नव्हती, आणि त्या गर्दीत एक शब्द नव्हता.

दुपारी मोतीरामकाका पातूरहून एसटीने थेट कार्यालयात आले. चप्पल काढता काढताच त्यांनी विचारलं, "ताई, अंजनगावची शाहीन बिमार हाय काय?"

"काहून?"

"काल शटर ओढते म्हने. आज काहीच लिवलं नाई तिनं."

अनुपमाताई खुर्चीतून उठल्या. "काका, तुमी वाचता?"

"रोज वाचतो. सारेच वाचतात. पातूरले तं आमी टपरीवर मोठ्यानं वाचतो, ज्याले वाचता येत नाई त्याच्यासाठी. ते उलट्या कॉइलचं वाचलं ना, तवाच मी म्हनलं होतं, पोरगी पकडन बराबर."

"मग एक शब्द टाकायचा ना, काका. ती तिथं विचारून विचारून थकली."

"कसा टाकू? नो-लोड होतं ना. सरायनंच सांगतलं, म्या म्हनेपर्यंत कोनी काही टाकू नका." काका गोंधळले होते. "आमाले वाटलं, तिले तुमीच सांगतलं असन, थोडा लोड देऊन पाह्य म्हनून. टेस्ट चालू असतानी मधात कोनी हात घालते काय?"

"तिले नो-लोडचं कोणी सांगितलंच नाही, मीपण नाही. ती हॉटेलात होती का?"

काकांनी टोपी काढून हातात धरली. कोपऱ्यातल्या टेबलावर हेमचंद्र सर बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मी मोटरीची परीक्षा घेतली," ते म्हणाले. "घ्यायची होती बोलण्याची." मग चष्मा लावून म्हणाले, "मोतीराम, चढव पट्टा."

मोतीरामकाका खाली वाकले आणि त्यांनी मला उलटा हात लावला. मला आजवर कोणी असं पाहिलं नव्हतं. "बापा, लयच गरम हाय हे," ते म्हणाले. "याच्यावर लोड होता तं." मग खुर्चीवर बसून त्यांनी फोन काढला आणि एका बोटाने लिहू लागले. त्यांचं एकेक अक्षर यायला इतका वेळ लागत होता की मला दम धरवत नव्हता.

"शाहीन बेटी मी मोतीराम. आमी सारे ऐकून राहिलो होतो. चूक आमची हाय. तुह्या उलट्या कॉइलची गोष्ट मी घरी आमच्या बुढीले सांगतली. शटर ओढू नको."

त्याच्याखाली लगेच दुसरं आलं. मग तिसरं. मूर्तिजापूरच्या एकाने लिहिलं की तुमचं वार्निशचं वाचून मी माझं बदललं. दर्यापूरच्या एकाने लिहिलं की आमच्या मिलच्या दोन मोटरी पडून आहेत, तुमच्याकडेच पाठवतो. कोणी 'चहा घेतला काय भाभी' असंही लिहिलं, आणि त्याला इतर चौघांनी झापलं. इतके दिवस तुंबलेलं सगळं एकदम आलं. आणि मित्रांनो, सांगायला लाज वाटते, नेमका त्या वेळी मी बंद पडलो. सगळ्यांची उत्तरं माझ्या पोटात, आणि मी गार.

जहीरभाई स्कूटरवर धावत आले. झाकण खोललं, पंख्यात अडकलेला धुळीचा गोळा काढला आणि टेबलफॅन माझ्या तोंडावर लावला. "जिंदगीभर खाली बसला, अन् काम आलं तं चक्कर," ते मला म्हणाले. उत्तरं सगळी शाबूत होती.

अनुपमाताईंनी शाहीनला फोन लावला. तिने उचलला नाही. मग त्यांनी निरोप टाकला, "एकदा उघडून पाह्य." ती आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आता सगळे वाट पाहत होते. सारखे येत होते, स्वतःचे शब्द पाहत होते आणि खालची कोरी जागा पाहत होते. शाहीनला इतके दिवस काय दिसत होतं, ते आता त्या सगळ्यांना दिसलं. पातूरच्या टपरीवर म्हणे कोणी कोणाशी नीट बोलत नव्हतं.

मग एका सकाळी शाहीनचं नाव माझ्यात उमटलं. ती आली. काही न लिहिता ती वाचत राहिली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. आणि तिने लिहिलं,

"हाव. ऐकू येऊन राहिलं. शटर अर्धंच ओढलं होतं."

पुढचं सगळं चांगलंच झालं. दर्यापूरच्या मोटरी अंजनगावला गेल्या. लोक बोलू लागले, विचारू लागले, भांडूही लागले. कोणाला नकली बेअरिंग मिळालं की तासाभरात सगळीकडे कळायचं. शाहीन नव्या पोरांना कॉइलची टोकं कशी ओळखायची ते फोटो काढून दाखवायची. सरांनी तिसरं सॉफ्टवेअर पास केलं. पण आता लोड इतका वाढला की मी दर दोन दिवसांनी बंद पडायचो. कामाच्या ऐन वेळी सगळे खोळंबायचे. "आता याले आराम द्या," जहीरभाई म्हणाले. त्यांनी एक नवा संगणक आणला, माझ्यातलं सगळं त्याच्यात उतरवून घेतलं आणि माझी वायर काढली.

त्याचं मला दुःख नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. मी त्यांचं मौन सांभाळलं, आणि ते बोलायला लागले तेव्हा मला खाली ठेवलं. म्हणजे वर ठेवलं, कपाटावर. आता ते काय बोलतात ते मला कळत नाही. अनुपमाताई कधी काही वाचून हसतात, तेवढंच कानावर येतं. शाहीनची पहिली ओळ माझ्यात अजून आहे, पण ती वाचायला मला कोणी चालू करत नाही.

या वर्षीची मोठी बैठक हॉटेलात झाली नाही. मोतीरामकाका अडून बसले, की होईल तर कार्यालयातच होईल. खुर्च्या कमी पडल्या, सतरंजी अंथरली. शाहीन आली, दिराला सोबत घेऊन. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. बोटांवर वार्निशचे डाग होते, आणि वाटलं होतं त्यापेक्षा ती ठेंगणी निघाली. येताना तिने केळीचे वेफर्स आणले होते. आल्यावर तिने अनुपमाताईंना हळूच विचारलं, "ताई, मी लिहायची ते कुठं यायचं?"

अनुपमाताईंनी नव्या संगणकाकडे बोट दाखवलं.

"नाई, नाई," मोतीरामकाका म्हणाले. "तवाचं ते वरचं."

शाहीनने खुर्ची ओढली आणि ती वर चढली. छत्री बाजूला सरकवली. आणि मित्रांनो, तिने मला उलटा हात लावला. जसा ती मोटरीला लावत असेल, तसाच, जरा थांबून.

"थंड हाय," ती म्हणाली.

तिने हात लगेच काढला नाही. तेवढ्यात खालून कोणीतरी हाक मारली, "शाहीनबाई, चहा थंडा होऊन राहिला तुमचा," आणि ती उतरून मंडळीत जाऊन बसली.

मला पुन्हा चालू करा, असं माझं मागणं नाही. माझं वय झालं. पण तुमच्या शाळेत, गल्लीत, फोनवर कोणीतरी असा असेल, जो बोलतो आणि त्याला उत्तर येत नाही. तुम्ही त्याचं सगळं मनातल्या मनात ऐकत असाल, तुम्हाला त्याची काळजीही असेल. पण ती त्याला दिसत नाही. तेव्हा एक 'हो' म्हणा. तेवढं पुरतं. आणि कधी अकोल्याला आलात, त्या खोलीत शिरलात, तर कपाटावर हात पुरतो का पाहा. छत्री बाजूला करा आणि मला उलटा हात लावा. थंड लागेन. तरी लावा.